लादी

फेब्रुवारीच्या आत तीन नावं द्या, मालक म्हणाले,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत बसले,
जणू नावं त्यातूनच यायची होती.

अक्कलकोट रोडला आमची बर्फाची फॅक्टरी.
मालकांच्या पोरानं परदेशात बर्फावरची हॉकी पाहिली
आणि वेड घेऊन परत आला.
सोलापुरात बर्फ पसरून कोण खेळणार,
म्हणून सिमेंटवर, चाकांच्या बुटांवर.
टीमचं नाव तेवढं बर्फवाले.
लोक आधी हसले. मग तिकीट काढून आले.

मी लाद्यांचा हिशेब लिहितो.
भुशातली लादी मंगळवेढ्याला पोचेस्तोवर किती उरते,
एप्रिलात किती, आभाळ असलं तर किती,
तोंडपाठ आहे मला.
त्यामुळंच विचारलं असावं.

चलनाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायला घेतलं.

इरण्णा हत्तुरे. कागदावर एकतीस, खरा चौतीस.
डावा गुडघा रोज संध्याकाळी आमच्याच बर्फात.
आता चकती त्याच्या पुढं जाते, तो मागून शिव्या देतो.
पण पोरांची भांडणं झाली
की त्याच्याच घरी कडक भाकरी मोडून,
शेंगाचटणीवर तेल ओतून मिटतात.
हे कुठल्या काट्यावर घालायचं?
खोडलं.

मैनुद्दीन मुजावर, गोली.
सामन्याआधी चकतीशी बोलतो. काय बोलतो, सांगत नाही.
नाशिकवाले त्याच्या बदल्यात दोघं देतो म्हणतात.
दोघांतल्या एकाचा खांदा गेलाय, हे ते लपवतात.
आम्हीही मागच्याच महिन्यात
इरण्णाचा गुडघा बार्शीवाल्यांपासून लपवला.
अदलाबदल म्हणजे एवढंच,
दोन्हीकडून भुसा भरपूर घालायचा.

अंबादास येमूल.
इथं पेन्सिलीचं टोक तुटलं. खोटं कशाला बोलू, मीच दाबून तोडलं.
तेवीसचा पोरगा, वळतो तेव्हा चाकं ओरडत नाहीत.
आई विड्या वळते, दिवसाला हजार,
याचा सामना असला की आठशे.
सगळ्यांना हाच हवाय.
"आत्ताच द्यायचा बे, भाव आहे तोवर,"
मालकांचा पोरगा म्हणाला होता.
मला राग आला.
आणि रागातच कळलं, बरोबर बोलतोय.
लादी सकाळीच विकायची असते.

तरी मी त्याचं नाव लिहिलं नाही.
तीनऐवजी एकच नाव दिलं, माझं स्वतःचं.
मालकांनी कागद डोळ्यांजवळ नेला.
"शिवशरण, तुला कोण घेतंय?" म्हणाले,
आणि त्याच कागदावर पान ठेवून चुना लावला.

गेला अंबादासच.

त्याची आई फॅक्टरीत आली, पदराला तंबाखूचा वास.
तेलुगूत काहीतरी विचारलं,
वॉचमन गुंडेटीनं मराठी करून सांगितलं:
नाशकात ऊन एवढंच असतं का?
म्हटलं, नाही हो, पुष्कळ कमी.
तिला बरं वाटेल असं वाटलं होतं.
"मग त्याची सवय मोडंल," ती म्हणाली,
आणि बर्फाच्या दारातून येणाऱ्या गारव्यात
थोडा वेळ उभी राहिली. उगाच.

बदल्यात आला एक उंच पोरगा, आडनाव देवरगावकर.
पहाटेच्या गाडीनं उतरला, त्याला आणायला मीच गेलो.
खोलीत त्यानं बॅग उपसली:
बूट, दोन स्टिका, आईनं दिलेला चिवडा,
आणि तळाशी घडी करून
एक जुनी चादर.
"नवीन ठिकाणी झोप येत नाही हिच्याशिवाय."

मी काही बोललो नाही.
हात आपोआप गेला, कोपरा उलटून पाहिला.
सोलापूर.
विटलेल्या धाग्यात गिरणीचं नाव होतं,
बंद पडून वीस वर्षं झालेली गिरणी.
माझा बाप तिच्यात होता, सांगणार होतो.
पण पोरगा तोवर
तोंडावर चादर ओढून झोपलासुद्धा.